पाठीमागचं यंत्र

सुट्टीच्या दिवशी कारखान्याचं शटर अर्धंच वर करायचं, ही थोरल्या भावाची शिस्त. उजेड यावा, गिऱ्हाईक येऊ नये. थोरले गेल्या थंडीत गेले, शिस्त मात्र मागे राहिली; आणि त्या अर्ध्या शटरखालून कंबरेत वाकून घरची माणसं एकामागून एक आत येऊ लागली, तेव्हा धाकटे भाऊ, डावे, आपल्या स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होते.

पेंगत होते असं म्हटलेलं त्यांना खपत नसे. मी ऐकतोय, असं ते म्हणत. आणि खोटं कशाला बोला, ते ऐकतच असत. दुपार चढली, छताचा पत्रा तापून टकटक करायला लागला, की त्यांच्या पाठीमागे भावाचं यंत्र सुरू व्हायचं. आधी पट्ट्याची फडफड, मग हळूहळू चढत जाणारा घोगरा सूर, मग कटर लोखंडाला लागल्याची मऊ खरखर. डाव्यांच्या पाठीला ऊब लागायची. मागे वळून पाहिलं असतं तर यंत्रावर पांघरलेली चादर दिसली असती आणि चादरीवर बसलेली धूळ. म्हणून ते वळून पाहतच नसत. न पाहण्यात त्यांचं काही जात नव्हतं. उलट सगळं जिथल्या तिथे राहत होतं.

बाजारात या दोघा भावांना नावाने कुणी ओळखलं नाही. मोठ्या मालट्रकच्या इंजिनात ऑइलचा पंप असतो आणि त्या पंपाच्या पोटात दोन गिअर एकमेकांत दात अडकवून फिरत असतात. पिस्टनचं कौतुक सगळ्यांना, पंपाला कुणी विचारत नाही. पण तो थांबला की पिस्टनची मिजास घटकाभरात उतरते. या गिअरांचे दात तिरके. एकाचे उजवीकडे कललेले, दुसऱ्याचे डावीकडे, तरच दोघं एकमेकांत बसतात. थोरल्यांनी उभा जन्म उजव्या कलाचे गिअर कापले, धाकट्यांनी डाव्या कलाचे. म्हणून थोरले उजवे आणि धाकटे डावे. धाकट्यांची बायको शाळेत शिकवायची, तिला सगळं घर मास्तरीणबाई म्हणायचं. ती पाहुण्यांना सांगायची, "आमच्या सासऱ्यांनी मुलांमध्ये कधी डावं-उजवं केलं नाही हो. बाजाराने केलं."

सासऱ्यांनी केलं होतं ते वेगळंच. दोन्ही यंत्रं त्यांनी अशी बसवली की मुलांच्या पाठी एकमेकांकडे. तोंडासमोर तोंड आलं की भाऊ एक तर गप्पा मारतात नाही तर भांडतात, काम दोन्हीत होत नाही, असं त्यांचं मत. त्यामुळे दोघांनी एकमेकांचं काम कधी पाहिलं नाही. आपापला गिअर कापायचा, भट्टीतून कडक करून आणायचा, तेलकट फडक्यात गुंडाळायचा आणि मधल्या बाकावर आणून ठेवायचा. तिथे एक खोलगट परात असे, तिच्या तळाशी जाड लोखंडी पट्टी, आणि पट्टीवर दोन बैठकी, पंपात असतं नेमक्या तेवढ्या अंतरावर. परातीत कोमट तेल ओतायचं आणि सगळ्यांच्या देखत फडकी सोडून दोन्ही गिअर बसवायचे. त्याला घरात 'भेट' म्हणत. भेटीआधी जोडी लावून पाहायची नाही, हा दोघांचा अभिमान. लावून पाहावी लागते ती काय जोडी?

घरातले मोठे निर्णयही परातीभोवतीच व्हायचे. जो तो बोटाने गिअर फिरवत बोलायचा, कारण हात गुंतलेले असले की माणूस आवाज चढवत नाही. बेबीचं कॉलेज तिथे ठरलं, मास्तरीणबाईंची नोकरी तिथे ठरली. आजची बैठक मात्र त्या चादरीखालच्या यंत्राची होती.

"पप्पा, उठा. सगळे आलेत," साहेब म्हणाला. साहेब म्हणजे डाव्यांचा मुलगा. त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं, आणि शर्टाला कधी डाग नसे म्हणून चुलत बहिणीने लहानपणीच हे नाव ठेवलं होतं.

"मी जागाच आहे."

"घोरत होतात."

"यंत्र घोरत होतं," डावे म्हणाले. त्यांचं स्वतःचं यंत्र तर बंद होतं.

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि स्टोव्हवर तेलाचं भांडं चढवलं. थोरल्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, येऊन बाकाच्या टोकाला बसल्या. त्यांच्या मागून बेबी आली. बेबी ही उजव्यांची एकुलती एक मुलगी. चाळिशी ओलांडली, कानामागचे केस पांढरे झाले, एका मोठ्या कारखान्यात गिअरच्या विभागात तिच्या हाताखाली माणसं काम करत होती. पण नाव बेबी ते बेबीच.

बैठकीचं कारण साधं होतं आणि म्हणूनच ते सुटत नव्हतं. बेबीला नोकरी सोडून बापाच्या यंत्रावर बसायचं होतं. साहेबाला यंत्र काढून त्या जागी तयार मालाचे रॅक लावायचे होते. वहिनींना ते विकून टाकायचं होतं. आणि डाव्यांना काहीच करायचं नव्हतं, कुणालाही काही करू द्यायचं नव्हतं. त्यांना ते पाठीमागे हवं होतं, बस. मागच्या बैठकीत फारच ओढाताण झाली तेव्हा त्यांनी एकदम सांगून टाकलं, "त्या ड्रायव्हरची जोडी करायची आहे ना? दोन्ही गिअर मी करतो. माझ्या यंत्रावर. भेट लागली तर दादाच्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही. नाही लागली, तर तुम्ही म्हणाल तसं."

त्या ड्रायव्हरचा मालट्रक अंगणात इंजिन उघडून उभा होता. इंजिन इतकं जुनं की कंपनीनेही ते बनवणं केव्हाच सोडलेलं. चढावर असताना ऑइलच्या दाबाचा काटा खाली यायला लागला, आणि याने शहाणपणा करून इंजिन तिथल्या तिथे बंद केलं. आता तो ट्रकच्या सावलीत चटई टाकून झोपला होता. भेट होईस्तोवर आपल्याला काम नाही, हे त्याने मनाला लावून घेतलं नव्हतं.

"तेल तापेपर्यंत बोलून घेऊ," साहेब म्हणाला. "नंतर भावनिक होतं सगळं."

"तू आणि भावनिक!" बेबी म्हणाली.

"ताई, मी हिशेबाचं बोलतोय. अशी जुनी इंजिनं किती उरलीत? बाकीच्यांना तयार जोडी मिळते, डब्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. तू तिकडे जे बनवतेस तेच मी इकडे विकणार. घरचाच माल म्हण."

"तिकडे मी काही बनवत नाही रे. तिकडे यंत्र बनवतं आणि मी काचेतून बघते. काहीही हाताला लागत नाही."

"म्हणून आमच्या डोक्यावर बसणार?"

"डोक्यावर नाही. स्टुलावर."

वहिनी हसल्या नाहीत. थोरले गेल्यापासून त्या हसल्याच नव्हत्या. "विकून टाका," त्या हळूच म्हणाल्या. "मी तिथून चहा घेऊन येते, आणि आधी ती चादर दिसते. घरात कुणी आजारी माणूस झोपवून ठेवावं ना, तसं वाटतं. बेबी, तूही बसू नकोस तिथे. मला ते बघवणार नाही."

"आई, तू माझ्या बाजूने बोलणार होतीस."

"येताना होते. इथे आल्यावर नाही."

मास्तरीणबाई भांड्यातल्या तेलात बोट बुडवून बघत होत्या. त्यांचा पक्ष कोणता ते त्यांनी अजून सांगितलं नव्हतं, आणि शाळेतली बाई वर्गात गप्प उभी राहिली की पोरं जशी सावध होतात तसे सगळे त्यांच्याकडे अधूनमधून बघत होते. "माझं विचाराल तर दोन्ही यंत्रं बंद करा," त्या अखेर म्हणाल्या. "एक नाही, दोन्ही. हे कामावर डोळे मिटतात. मी पाहिलंय. कटर फिरत असतो आणि यांची मान खाली. एखाद्या दिवशी हात जाईल."

"मी डोळे मिटून ऐकतो," डावे म्हणाले.

"काय ऐकता?"

 खरं सांगितलं असतं तर बायकोने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं असतं. पत्र्यावरून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात लोखंडाची बारीक धूळ सावकाश वर चढत होती. तेलाला वास सुटला. त्या वासात डाव्यांचं वय विरघळून जायचं. कधी ते वडिलांचा डबा घेऊन येणारे पोरगे असायचे, कधी नवे नवरदेव. आणि कुठल्याही वयाचे असले तरी पाठीमागे दादा असायचाच. एवढी एक गोष्ट कधी बदलली नव्हती. म्हणून तर ते यंत्र हलवायचं नव्हतं. लोकांना लोखंड दिसत होतं. डाव्यांना ती आपली भिंत वाटायची, टेकायची.

"तेल झालं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

परातीत तेल पडलं. डाव्यांनी कपाटातून दोन गाठोडी आणली. दोन्ही त्यांनीच बांधलेली, तरी एक उजव्या हातात आणि एक डाव्या हातात अशी आणली, दोन माणसांनी आणावीत तशी. फडकी सोडली. गिअर निघाले. काम देखणं होतं, यात वादच नाही. दातांच्या कडा इतक्या स्वच्छ की तिरीप त्यांवर चढून बसली.

बेबीने ते पाहिले आणि तिचा चेहरा एकदम बदलला. ती पुढे झाली, काकांच्या हातावर तिने हात ठेवला.

"काका, आज नको. तेल जरा जास्तच तापलंय."

"मी बोट घालून पाहिलंय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तरी. उद्या करू. ड्रायव्हर झोपलाय. त्याच्या समोर करायला हवी खरं तर."

"ताई, तुला भीती वाटतेय," साहेब म्हणाला. "भेट लागली तर तुझं स्टूल गेलं."

बेबीने त्याच्याकडे बघितलंही नाही. "काका, ऐका ना. मी म्हणते म्हणून."

डाव्यांना राग आला. आपली पुतणी, लहानपणी या बाकाखाली बसून लोखंडाचा कुरळा कीस गोळा करणारी, आणि आता आपल्याला अडवतेय! "बाजूला हो," ते म्हणाले. "वहिनी, पहिला तुम्ही ठेवा. दादाचा आहे."

वहिनींनी तो दांडा असलेला, उजव्यांच्या वाटचा गिअर दोन्ही हातांनी उचलला आणि पहिल्या बैठकीत सोडला. तो टच्च बसला. डाव्यांनी आपला उचलला, दुसऱ्या बैठकीवर धरला, हलकेच खाली सोडला.

तो खाली गेला नाही.

त्यांनी तो जरासा फिरवला. पुन्हा सोडला. दात दातांवर आडवे पडत होते. कापताना एखादी बारीक कोर उभी राहिली असेल म्हणून त्यांनी अंगठा फिरवून पाहिला, कोर नव्हती. चष्मा पुसला, लावला. पुन्हा दाबला. तेलात बुडबुडे आले, बस. वहिनी वाकून बघू लागल्या, साहेब वाकला, मास्तरीणबाई वाकल्या. एकटी बेबी शटरखालून बाहेरच्या अंगणाकडे बघत उभी होती.

"अडकतंय कशाला?" साहेब म्हणाला.

डाव्यांनी दोन्ही गिअर बाहेर काढले आणि उजेडात शेजारी शेजारी धरले. तेल त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. दोन्ही गिअरांचे दात एकाच बाजूला कलले होते. दोन्ही डावीकडे.

शिकाऊ पोराने अशी चूक केली असती तर बापाने चहा बंद केला असता. दातांचा कल बदलायचा तर यंत्रामागच्या चाकांच्या रांगेत एक जादा चाक घालावं लागतं आणि कटरचं डोकं दुसऱ्या बाजूला फिरवावं लागतं. डाव्यांना हे पाठ होतं. त्यांनी दादाच्या गिअरची मापं काढली, दांडा मापाने घेतला, सगळं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. आणि मग यंत्र सुरू केलं आणि हात जे जन्मभर करत आले तेच करत राहिले. चाक घालायचं त्यांना सुचलंच नाही. आणि भेटीआधी जोडी लावून पाहायची नाही या अभिमानापायी नंतरही कळलं नाही. रोज डोळ्यांसमोर असलेला तो कल त्यांना बरोबरच दिसत होता.

बाहेरून शटर वाजलं. ड्रायव्हरने उभ्या उभ्याच खाली वाकून डोकं आत घातलं, डोळे अजून झोपेचे. "भेट झाली का?"

"एकाच बाजूची झाली," वहिनी म्हणाल्या. आणि हसल्या.

आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. "भावजी, दोन्ही डावे!" त्या म्हणत होत्या, "अहो, दोन्ही डावे!" बाकावर हात आपटत त्या हसल्या आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नसावं. बेबी धावत येऊन त्यांच्याजवळ बसली. ड्रायव्हर घाबरून डोकं काढून निघून गेला.

"म्हणून म्हणत होते मी," मास्तरीणबाई म्हणाल्या, पण आवाज शाळेतला नव्हता. "झोपेत झालंय हे."

"झोपेत नाही," डावे म्हणाले. "जागेपणी झालंय. चांगला टक्क जागा होतो मी."

"असू दे हो. होतं."

"कसं होतं? मला कधी झालंय?"

साहेबाने घसा साफ केला. तो मुलगा वाईट नव्हता. फक्त गप्प बसण्याची वेळ त्याला कधी साधली नाही. "मग ठरलं तसं करू या, पप्पा. मी उद्या माणसं आणतो. यंत्र हलवू. मोठी आई पण विका म्हणतेच आहे."

"नाही म्हणत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले होते. "आत्ता नाही म्हणत."

"अगं, पण मघाशी..."

"मघाशी मला वाटत होतं की ते फक्त माझे गेलेत. भावजी रोज वेळेवर येतात, बसतात, डबा खातात. चादर घालून मोकळे झाले. मनात म्हटलं, यांना काय, एका यंत्राचं काम दोन हातांनी उरकतील." त्यांनी तो दांड्याचा गिअर उचलून मांडीवर घेतला, साडीला तेल लागतंय याची पर्वा केली नाही. "उरकलं नाही. मापं सगळी त्यांची घेतली, आणि दात मात्र यांचे आले. हातच गेले नाहीत त्यांच्या जागेवर."

डावे उभेच होते. पुतणीकडे बघून ते म्हणाले, "तुला दिसलं होतं. फडकं सोडल्या सोडल्या."

"हो."

"मग मला अडवत का होतीस? तुझ्याच फायद्याचं होतं."

"असं नको होतं मला ते." बेबी म्हणाली. "काका, गिअर दोन्ही उत्तम आहेत. पण दोन्ही तुमचे आहेत. बाबांचा एकही नाही."

"त्याचा कुठून असणार?" डावे म्हणाले. "दादा गेला ना."

हे वाक्य त्यांनी त्या छताखाली पहिल्यांदाच उच्चारलं. माणसं भेटायला आली तेव्हा मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं, बाजारात साहेबाने सांगितलं होतं. डाव्यांवर सांगायची पाळी आली नव्हती आणि त्यांनी ती येऊ दिली नव्हती. आता बोलून झाल्यावर त्यांना फार एकटं वाटलं. पाठीला गार लागलं. ते रडले, म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता, नाक ओढत. आणि मास्तरीणबाईंनी सगळ्यांसमोर नवऱ्याचा तेलकट हात आपल्या हातात घेतला.

थोड्या वेळाने डाव्यांनी तो सोडवून घेतला आणि ते मागे वळले. चालत गेले ते चादरीपाशी. तिचं एक टोक धरलं.

"साहेब, दुसरं धर," ते म्हणाले. "धूळ झटकू नकोस, मोटरमध्ये जाईल. घडीतच गुंडाळ."

साहेबाने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी नुसती भुवई उचलली. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि टोक धरलं.

"आणि तू दोन्ही बंद करा म्हणत होतीस, त्याचं काय?" त्याने आईला हळूच विचारलं.

"पाठीमागे कुणी असलं तर हे झोपणार नाहीत," त्या म्हणाल्या. "निदान झोपले तर कुणी हाक तरी मारेल."

यंत्र उघडं पडलं. वाटलं होतं तेवढं ते मोठं नव्हतं. बेबीने चपला काढल्या, पुन्हा काहीतरी आठवून घातल्या, स्टुलावर बसली, उतरली, स्टूल एक फेरा वर घेतलं. चाकांच्या रांगेवरचं झाकण काढून तिने आत बघितलं. जादा चाक तिथेच होतं, तिच्या बापाने लावलेलं. तिने ते पुसलं, तेल सोडलं, हाताने एक फेरा देऊन पाहिला. ड्रायव्हरला वहिनींनी बाहेर जाऊन सांगितलं की अजून एक गिअर कापायचा आहे, मग तो कडक होऊन यायचा आहे. तो म्हणाला, "चटई आहे की माझी," आणि पुन्हा आडवा झाला.

डावे आपल्या स्टुलावर येऊन बसले. पाठ पुतणीकडे. समोर त्यांचं स्वतःचं यंत्र बंद होतं, करण्यासारखं काही नव्हतं. ते नुसते वाट बघत बसले. मागे पट्टा फडफडला. मोटर कण्हली, बंद पडली, पुन्हा लागली. इतके महिने रोज दुपारी त्यांनी जे यंत्र ऐकलं होतं ते कधी असं अडखळलं नव्हतं. ते लोण्यासारखं चालायचं. हे खरं यंत्र खोकत होतं, आणि त्याची थरथर फरशीतून त्यांच्या पायांत चढत होती. मग सूर लागला. कटर लोखंडाला टेकला. आवाज एवढा झाला की साहेब आईला काय सांगतोय तेही ऐकू येईना, नुसते हात हलताना दिसत होते.

डाव्यांनी डोळे मिटायला घेतले आणि मिटले नाहीत. पाठी एकमेकांकडे ठेवण्याचा बापाचा नियम त्यांना आठवला, आणि हेही लक्षात आलं की बाप आता नाही, दादाही नाही, आणि नियम पाळणारे आपण एकटेच उरलो आहोत. त्यांनी पाय टेकवून स्टूल फिरवलं.

बेबी कटरवर वाकली होती. एक खांदा वर, एक खाली. मान किंचित कललेली. डोळे दातांवर, आणि ओठ हलत होते. सारखे हलत होते. काही तरी सांगावं, मग ऐकणाऱ्याला हसायला वेळ द्यावा, मग पुढचं सांगावं, अशा चालीने. आवाज काही येत नव्हता. यंत्र सगळं गिळत होतं.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. डाव्यांनी कप घेतला आणि त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन विचारलं, "ही काय बोलतेय?"

"बापाची सवय," वहिनी ओरडून म्हणाल्या. "तेही असेच. यंत्र लागलं की तोंड सुरू. अख्खी दुपार."

"दादा? दादा तर कामाच्या वेळी बोलत नसे."

"तुम्हाला काय कळणार, तुमची पाठ होती. मी चहा घेऊन यायचे तेव्हा बघायचे ना."

"पण बोलायचा कुणाशी?"

 इतक्या साध्या गोष्टीचं उत्तर कुणाला द्यावं लागेल असं वहिनींना कधी वाटलं नव्हतं.

"कुणाशी काय, भावजी? तुमच्याशी. घरी आले की म्हणायचे, आज सगळं सांगून टाकलं त्याला."

डाव्यांच्या हातातला कप निवत गेला. मग त्यांनी तो बाकावर ठेवला, स्टूल पुन्हा फिरवलं, पाठ यंत्राकडे केली. आणि त्या मोठ्या आवाजात, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने, ते उत्तर देऊ लागले.